वारलूची चोरवाट

पळसटोल्यात वारलूला कोणी शेतकरी म्हणत नसे. नाल्याकाठची एवढीशी धानाची बांधी त्याच्या नावावर होती खरी, पण तिच्यात त्याचा जीव नव्हता. जीव होता मोटारीत. ‘मोटारवाला वारलू’ असंच त्याचं नाव पडलं होतं. आता मोटार त्याची होती का? नाही, ती एका शेठची होती. त्याला चालवता येत होती का? तेही नाही. तो मोटारीला पाणी पाजायचा, एवढाच काय तो संबंध. पण माणसाला मिरवायला किती लागतं?

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेनासं झालं, तेव्हा चांदा जिल्ह्यातल्या सर्विस मोटारी कोळशावर चालायच्या. मागे लोखंडी भट्टी लावलेली, तिच्यातल्या धगीवर गाडी कण्हत कण्हत चालायची आणि पळसटोल्याच्या चढावर तिचा दम हमखास संपायचा. वारलू तेव्हा तरुण होता. त्याने कोळसा पाडून दिला, पाणी आणून दिलं, आणि जलालुद्दीन ड्रायव्हरशी त्याची जी गट्टी जमली ती कायमची. लढाई संपली, कोळसा गेला, पेट्रोल आलं, पाणी मात्र लागतच राहिलं. चढाच्या माथ्यावर वारलू मडकी भरून ठेवायचा आणि मोटार फुसफुसत आली की रेडिएटरचं तापलेलं टोपण फडक्याने धरून उघडायचा. जिथे मडकी ठेवली तिथेच थांबा झाला. ना कोणी पाटी लावली, ना कोणी ठराव केला. आसपासच्या टोल्यांतली, वाड्यावस्त्यांतली माणसं तिथे जमू लागली आणि गडचिरोलीचा बाजार, कचेरी, दवाखाना त्यांच्या आटोक्यात आला. याचं सगळं श्रेय वारलू स्वतःकडे घ्यायचा. घेऊ द्यावं. ते काही खोटं नव्हतं.

त्याची खरी कला मात्र वेगळीच होती. शेठच्या मोटारीत परवान्याच्या दुप्पट माणसं कोंबलेली असत, टपावर कोंबड्या, बोचकी, एखादं बकरू. नाल्यापाशी चेकिंगचा साहेब उभा असला की दंड ठरलेला. म्हणून साहेबाचा सुगावा लागला की जलालुद्दीन चढावरच जादा सवाऱ्या उतरवायचा आणि वारलू त्यांना टेकडीमागच्या चोरवाटेने नाल्यापलीकडे न्यायचा. मोटार साहेबापुढून साळसूदपणे निघून जायची आणि पुढे मोहाच्या झाडांपाशी थांबून आपली माणसं पुन्हा पोटात घ्यायची. साहेबाला संशय आलाच, तर त्याचंही नाटक बसवलेलं होतं. जलालुद्दीन चारचौघांत दरडावायचा, “वारलू, साहेबाले खरं खरं सांग, इथून किती सवारी चढते?” वारलू हात जोडून म्हणायचा, “कोणीच नाई साहेब. मी फक्त पाणी देतो.” जलालुद्दीन जितका ओरडेल तितका वारलूचा चेहरा गरीब व्हायचा. त्या थांब्यावर त्यांची मोटार कधी पकडली गेली नाही. गावाला या करामतीचं कोण कौतुक! पोरासोरांनाही कळून चुकलं होतं की साहेब आला म्हणजे रस्त्यावर माणूस दिसता कामा नये.

त्यातच वारलूची बायको धुरपता आजारी पडली. दोघांना मूलबाळ नव्हतं, घरात तीच काय ती. आधी नुसता खोकला होता, मग थुंकीतून रक्त यायला लागलं. जलालुद्दीननेच तिला आपल्या शेजारी बसवून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. क्षय निघाला. डॉक्टर म्हणाले, “आता याच्यावर सुया निघाल्या आहेत. आठवड्यातून दोनदा आणा, बाई बरी होईल. पण मधे खाडा झाला तर आधीचं सगळं पाण्यात गेलं म्हणून समजा.” वारलूने त्या वाक्याची खूणगाठ बांधली. मोटारीने धुरपता सकाळी जायची आणि सुई घेऊन दिवे लागायच्या आत परत यायची. बैलगाडीने ते जमण्यासारखं नव्हतं. वाटेतले नाले, रेती, चाकोऱ्या यांतून धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी व्हायची. पौषापर्यंत धुरपताचं रक्त थांबलं. ती चुलीपाशी बसायला लागली, वारलूच्या भाकरीला नावं ठेवायला लागली, आणि वारलूला ती नावं गोड लागायला लागली. मोटार होती म्हणून बायको होती. याहून साधा हिशेब त्याच्या आयुष्यात दुसरा नव्हता.

हे सत्तावन सालचं. चांदा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि शेठच्या मोटारीच्या परवान्याची मुदत संपत आली होती. माघात एका सकाळी मडक्यातल्या पाण्याने तोंड धुता धुता जलालुद्दीन म्हणाला, “वारलू, येत्या बाजाराले नागपूरचा साहेब बसून येते गाडीत.”

“काऊन?”

“ते मले बी नाई सांगतलं शेठनं. बडा साहेब हाये, एवढंच मालूम. गडबड नाई पायजे.”

साहेब कशाला येत होता ते मी तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, कारण ते पळसटोल्याला कोणी सांगितलं नाही आणि सगळं रामायण तिथूनच घडलं. शेठच्या जागी सरकारी मोटार येणार होती. गडचिरोलीहून जंगलाकडे जायला रस्ते दोन, एक पळसटोल्यावरून आणि दुसरा लाकडाच्या डेपोवरून. मोटार एकाच रस्त्याने जाणार होती. म्हणून हा साहेब दोन्ही रस्त्यांनी बसून जाणार होता आणि कुठे किती माणसं चढतात ते आपल्या डोळ्यांनी बघणार होता. जिकडे गर्दी, तिकडे मोटार. जन्मभर या लोकांनी साहेबांपासून गर्दी लपवली, आणि गर्दी शोधत आलेला पहिला साहेब हा.

वारलूने तयारीत काही म्हणजे काही कमी ठेवलं नाही. सगळ्या टोल्यांना निरोप धाडला. माथ्यावरची जागा झाडून काढली, सडा घातला, मडकी घासून घेतली. बाजाराला जाणाऱ्या सगळ्यांना पहाटेच कोतवाल सुकलूच्या हवाली करून चोरवाटेने मोहांकडे लावून दिलं. साहेब नाल्यापाशी उतरेल आणि मग मोटार आपल्या माणसांना घेईल, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलं. आजवरचे साहेब नाल्याच्या पुढे गेलेच नव्हते.

धुरपताचा तो सुईचा दिवस होता. ती ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. तिने विचारलं, “मी त बिमार बाई. मले बी लपा लागंल?”

“तुलेच त पयले,” वारलू म्हणाला. “साहेबानं खोकला आयकला त म्हणंल, हे बिमाऱ्या घेऊन फिरून राह्यले. जलालभाईची मोटार बंद होईल, मंग तुले कोण नेईल? तू मोहापाशी बैस. तिथून पुढं तुयी जागा तुलेच.”

ती निमूटपणे सुकलूच्या मागे गेली.

मोटार आली. साहेब तरुण होता, हसतमुख होता, आणि त्याच्यात काही वाईट नव्हतं, हेच तर दुःख. तो खाली उतरला, वारलूने दिलेलं गार पाणी प्याला, इकडेतिकडे बघून म्हणाला, “जागा छान ठेवली आहे हो. पण माणसं कुठे आहेत? आज तर बाजार ना?”

जलालुद्दीन घाईघाईने उतरला. साहेब का आला आहे ते त्याला वाटेत गप्पांमध्ये कळलं होतं. रिकामा माथा बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो जवळजवळ ओरडलाच, “वारलू! साहेबाले खरं खरं सांग, इथून किती सवारी चढते!”

झालं. नाटकातलं नेमकं तेच वाक्य. वारलूचे हात आपोआप जोडले गेले. “कोणीच नाई साहेब. मी फक्त पाणी देतो.”

“अरे, आज खरंच सांग! अल्ला कसम, वारलू!”

ही शपथ नवीन होती. जलालभाई आज काय रंगात आहे, असं वारलूला वाटलं, आणि आपणही मागे राहता कामा नये म्हणून त्याने आणखी पदरची भर घातली. “आमचे लोकं पायीच जाते बाजाराले. मोटारीची सवय नाई त्यांले.”

साहेब समजुतीने म्हणाला, “घाबरू नका. माणसं चढत असतील तर सांगा. तुमच्याच फायद्याचं आहे.”

पूर्वी एक फौजदारही अगदी असंच गोड बोलला होता. वारलू त्याला फसला नव्हता, यालाही फसणार नव्हता. “कोणीच नाई साहेब,” तो म्हणाला.

जलालुद्दीनने सीटखालचं हँडल काढलं. माणसं झाडांमागे लपली आहेत असं सांगायचं, तर इतक्या वर्षांची जादा सवारी स्वतःच्या तोंडाने कबूल करायची. त्याला सरकारी मोटारीवर नोकरी हवी होती, घरी खाणारी तोंडं होती. मी त्याला शिव्या देणार नाही. तुम्हीही देऊ नका. त्याने हँडल मारलं आणि तो गाडीत जाऊन बसला.

मोटार मोहांपाशी थांबली की तिचा आवाज पडायचा. वारलू माथ्यावर कान देऊन उभा राहिला. आवाज जरासा पडल्यासारखा झाला, मग पुन्हा चढला आणि दूर दूर जात विरून गेला. लोक नंतर सांगत होते की साहेब आतच बसलेला होता म्हणून आम्ही झाडांमागेच दबून राहिलो, जलालभाईने आमच्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. धुरपता टेकडी चढून परत आली तेव्हा दुपार टळली होती. एक सुई चुकली. वारलू म्हणाला, “होऊ दे, मोटार त वाचली.” त्या रात्री तो समाधानाने झोपला, हे मला सांगवत नाही, पण झोपला खरा.

मोटार पुढे थोडेच दिवस आली. फाल्गुनात शेवटच्या फेरीला जलालुद्दीन खाली उतरला आणि मडक्यांपाशी मटकन बसला. “त्याले गर्दी पायजे होती, वारलू,” तो म्हणाला. “पयल्यांदा कोणाले तरी गर्दी पायजे होती. अन आपण त्याले रिकामा रस्ता दाखवला. मोटार डेपोच्या रस्त्यानं जाते आता. मी बोलाले पायजे होतं. नाई बोललो.”

वारलूला आधी कळेचना. कळलं तेव्हा तो त्याच रात्री टोल्याटोल्यांतून फिरला. दुसऱ्याच दिवशी तो सगळ्या टोल्यांची माणसं गोळा करून पायी गडचिरोलीला निघाला. बायाबापड्या, म्हातारे, कोंबड्यासुद्धा घेऊन! कचेरीपुढचं अंगण भरून गेलं. “पाहा साहेब, हे सारे चढते आमच्या इथून,” तो ज्याला त्याला सांगत सुटला. पण बघायला आलेला साहेब नागपूरला गेला होता. कारकून चांगला होता, तो म्हणाला, “पाहणी झाली हो भाऊ. आता पावसाळ्यानंतर अर्ज करा, बघू.” इतकी माणसं जन्मात पहिल्यांदा साहेबाला दिसायला म्हणून आली होती, आणि बघायला कोणी नव्हतं.

वारलूने बैलगाडी करून पाहिली. एकदा नेलं, दुसऱ्यांदा नेताना धुरपताला वाटेतच रक्ताची गुळणी आली आणि गाडी परत फिरवावी लागली. डेपोपर्यंत खाटेवर घालून न्यावं, तर वाटेत दाट जंगल आणि नदी. सुया थांबल्या त्या थांबल्या. चैत्र सरता सरता तिने अंथरूण धरलं. वारलू घरात बसला की त्याला वाटायचं आपण हिला आपल्या हाताने मारून राह्यलो, आणि बाहेर बसला की समोर माथ्यावरून घरी आणलेली ती मडकी दिसायची. साहेबाला त्या दिवशी गर्दीच हवी होती, हे त्याने तिला सांगितलंच नाही. गावालाही त्याने तिच्यापुढे बोलू नका म्हणून विनवलं होतं. शेठची मोटार बंद झाली, आता तिच्या जागी सरकारी येईल, एवढंच तिला ठाऊक होतं.

एका संध्याकाळी तिला जरा हुशारी वाटली. ती म्हणाली, “आयकता का, त्या दिवशी मोहामागं मले लय खोकला आला होता. जीव जाते का राह्यते असं झालं. पण म्या पदर तोंडात कोंबून धरला. साहेबाले एवढासा बी आवाज जाऊ नाई देल्ला. सुकलूभाऊ म्हणे, बाई, तू होती म्हणून गावाची मोटार राह्यली.” तिच्या चेहऱ्यावर कौतुकाची वाट बघणं होतं. “बरोबर केलं ना म्या?”

“बरोबर केलं,” वारलू म्हणाला.

“मंग सरकारची मोटार कवा येते?”

“येऊन राह्यली. रस्ता नीट करून राह्यले अजून.”

तिने विचारलं, “तिच्यातला साहेब आला म्हणजे बी मले लपा लागंल का?”

“नाई,” तो म्हणाला. “तुले समोर बसवीन. साऱ्यांच्या समोर.”

ती हसली आणि दाराकडे कूस करून पडली. वारलू उठला, रिकामी मडकी उचलली आणि मोटार नसलेल्या रस्त्यावर नेऊन ठेवण्यासाठी भरायला गेला, कारण धुरपता घरातून बघत होती.