हाकेला ओ

सावनेरजवळ, कोळशाच्या खाणीच्या वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या. धुतलेले कपडे वाळेपर्यंत काळे व्हायचे. नळाला पाणी नसलं की बाबा खाणीतून आल्यावर तसेच काळे जेवायला बसायचे. डोळे आणि तळहात तेवढे माणसाचे दिसायचे. त्या घरात एकच कायदा होता. हाक मारली की ताबडतोब ओ द्यायची. तोंडात घास असो की न्हाणीत अंगावर पाणी असो. ओ आली नाही तर बाबा हातातलं टाकून धावत यायचे आणि आम्ही धडधाकट दिसलो की असे ओरडायचे की बाहेरची कुत्री उठून बसायची. “बोलून काहून नाही राहिली? मुकी झाली का वं?”

कारण आईनं सांगितलं, तेही मी मोठी झाल्यावर. खाणीत छत कोसळलं तेव्हा बाबांचे जोडीदार महादूकाका त्यांच्यापासून चार हातांवर होते. अंधारात बाबा हाका मारत राहिले. ओ आलीच नाही.

त्या घरातून मी बी.कॉम. झाले, साऱ्या नातेवाइकांत पहिली. हे मी मिरवते आणि मिरवणार. परीक्षेच्या हॉलमध्ये माझं नाव पुकारलं तेव्हा मी “ओ!” अशी काही ओरडले की पर्यवेक्षकांच्या हातातले कागद खाली पडले.

बाबा रिटायर झाले. आम्ही नागपूरजवळ बेसाला घर घेतलं. वाटलं, आता म्हातारा निवांत होईल. कसचं काय! खाण सुटली आणि हाका वाढल्या. आई गच्चीवर गेली, हाक. मी ऑफिसातून निघाले, फोन. ब्लडप्रेशर चढलं. डॉक्टर म्हणाले, औषध घ्या, टेन्शन कमी करा, रोज थोडं ध्यानाला बसा. बाबा उखडले. “टेन्शन डूटीवाल्याले रायते. मी त रिटायर आहो. अन् डोळे मिटून बसायले मी का बगळा आहो?”

आईनं त्यांना जवळच्या विहारात नेलंच. तिथे लीलाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका सकाळी वयस्कर मंडळींना ध्यानाला बसवत. श्वास आत येतो, बाहेर जातो. त्याच्याकडे नुसतं लक्ष ठेवायचं. सुट्टी होती म्हणून मीही मागे बसले. सगळ्यांनी डोळे मिटले. हॉल शांत झाला. आणि त्या शांततेत बाबांचा खाणीतला आवाज फुटला, “आहेत का बे सगळे?”

एका आजींची काठी आपटली. कोणीतरी “अरे बाप्पा!” म्हणालं. आईनं पदर तोंडावर घेतला. मी बाबांना उठवायला पुढे झाले आणि थबकले. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. पापण्यांमागे अंधार होता आणि त्या अंधारात कोणीच बोलत नव्हतं.

लीलाबाईंनी डोळेही उघडले नाहीत. “ओ,” त्या म्हणाल्या. “मी आहो.”

शेजारचे काका म्हणाले, “ओ.”

“ओ गा भाऊ, मी बी आहो,” आजी म्हणाल्या. “काठी तेवढी पडली.”

एकेक करत साऱ्या हॉलनं ओ दिली. सगळ्यात शेवटी आईनं. तिची ओ ओली होती. बाबांचे खांदे सैल झाले. ते खांदे तसे मी जन्मात पाहिले नव्हते.

मग रोजच तसं. आधी बाबांची हाक, मग सगळ्यांची ओ, मग ध्यान. नवा माणूस दचकला की काठीवाल्या आजी दटावायच्या, “हजेरी आहे, ओ दे!” हळूहळू हाक बारीक होत गेली आणि एके सकाळी आलीच नाही. मंडळी ताटकळली. शेवटी आजींनी विचारलं, “तुळशीरामभाऊ, आज हाक काहून नाही मारली गा?”

“आतमधी मारली,” बाबा म्हणाले. “श्वासानं ओ देल्ली.”

पण खरा धक्का घरी बसला. आईनं स्वयंपाकघरातून आवाज दिला, “अवो, चहा झाला.” उत्तर नाही. पुन्हा हाक. पुन्हा नाही. आमच्याकडे असं कधी घडलंच नव्हतं. आईच्या हातून पातेलं सुटलं. मी धावले. बाबा खिडकीपाशी मांडी घालून बसलेले, हलत नव्हते. आईनं खांदे धरून गदागदा हलवलं, तेव्हा त्यांनी सावकाश डोळे उघडले.

“ऐकू आलं होतं,” ते म्हणाले. “म्हटलं, चहाच त आहे. छत थोडंच पडून राहिलं?”

“जीव गेला असता माझा, म्हाताऱ्या!” आई खाली बसून रडली आणि रडता रडता हसली. सांडलेला चहा बाबांनी पुसला.

गोळ्या सुटल्या नाहीत, गुडघेही दुखतच राहिले. पण ओरडणं गेलं. झोपेतून दचकून उठणं गेलं. बोलताना मध्येच थांबून ते समोरच्याचं ऐकायला लागले, याचीच आम्हाला सवय व्हायला वेळ लागला.

गेल्या हिवाळ्यात दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. आईनं चहासाठी हाक मारली. एकदाच. मग ती उशाशी जाऊन बसली, त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

“वनू,” ती मला म्हणाली, “आता ओ नाही देत वं ते.”

ती किंचाळली नाही. मी मात्र दारातच हादरून उभी राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती शोधत होते. ती नव्हती.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. पहिलं निवांत म्हातारपण बाबांचं.