रोहिदासचा सालदार

रोहिदासच्या घरी दोनच प्रकारचे कपडे असायचे, चिकाचे डाग पडलेले आणि डाग पडायचे राहिलेले. बाप चोपड्याकडे केळीचे घड वाहून गाड्या भरायचा. केळीचा चीक एकदा कापडाला लागला की कापड फाटेल, पण डाग जाणार नाही. बापाचे जुने सदरे कापून पोराला शाळेसाठी शिवले जात, आणि वर्गातली बागाईतदारांची पोरं ते डाग बघून खिदळत. ज्यांच्या बागेतला चीक, त्यांचीच पोरं! आई लोकांच्या रानात कापूस वेचायची. घराला दार होतं पण दाराला कडी नव्हती, कारण न्यायला आत काही नव्हतं. आमच्या घरची कथाही फार वेगळी नाही. आम्ही एरंडोल तालुक्यातले, आणि आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अभिमानानं सांगते, कुणाला तो गर्व वाटला तर खुशाल वाटू द्या. रोहिदासही त्याच्या घरातला पहिलाच पदवीधर. आणि एवढं शिकून आम्ही दोघं धुळ्याला येऊन करत काय होतो, तर अमेरिकेतल्या फुटबॉलच्या क्लिपा बघत होतो.

रोहिदास गेल्याचं कळलं तेव्हा मी माझ्या आईकडे गेले होते. ऑफिसातल्या भूषणचा फोन. "अक्का, आपला रोहिदास…" एवढंच बोलला आणि रडायला लागला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पुढच्या सोमवारी ऑफिसात शोकसभा झाली. फोटोला हार घातला, आणि आमचे व्यवस्थापक, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो, ते बोलायला उभे राहिले. म्हणाले, रोहिदास शांत होता, मनमिळाऊ होता, त्यानं कधी कुणाचं मन दुखावलं नाही. मी खाली मान घातली. लोकांना वाटलं रडतेय. मला हसू आवरत नव्हतं. याच सरांना त्यानं भर बैठकीत विचारलं होतं, "सर, तुम्हाला चेंडू सोडून आणखी काही दिसतं का?" मनमिळाऊ म्हणे! मेलेल्या माणसाला असं धुऊन-इस्त्री करून भिंतीवर टांगायची या लोकांना फार घाई असते. रोहिदास भांडखोर होता, हेकट होता, दुसऱ्याच्या मताला तोंडावर शेण म्हणायचा आणि ऐंशी टक्के वेळा बरोबर असायचा. उरलेल्या वीस टक्क्यांत तो काही कबूल करायचा नाही. हा माणूस खरा होता तसा कुठंतरी लिहिला जावा म्हणून हे लिहितेय.

आमचं काम आधी सांगते, कारण आमच्या नातेवाइकांना ते आजपर्यंत कळलेलं नाही. आग्रा रोडला ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. तिकडे झालेल्या सामन्यांच्या क्लिपा सकाळी आमच्याकडे येतात. कोण कुठं उभा होता, कुणी चेंडू फेकला, कुणी झेलला, कोण कुणावर पडला, हे क्षणाक्षणाला कळ दाबून नोंदवायचं. तो फुटबॉल आपल्या फुटबॉलसारखा नाही. चेंडू अंड्यासारखा, पायापेक्षा हातानंच जास्त खेळतात. एक जण मागून फेकतो, बाकीचे पळून झेलतात, आणि फेकणाऱ्याच्या पुढं पाच आडदांड गडी उभे राहून समोरच्यांना अडवतात. आमच्या काकूनं गावभर सांगितलं, "पोरगी दिवसभर गोऱ्यांच्या मांड्या पाहाते, आनि त्याना पगार भेटस." काकूचा स्वतःचा मुलगा दिवसभर पारावर बसून लोकांच्या मोटारसायकली बघतो, आणि त्याला तर पगारही मिळत नाही. असो.

सुरुवातीलाच आमच्या अख्ख्या ऑफिसनं एक घोळ घातला. प्रत्येक खेळाडूपुढं चढाई की बचाव हे लिहायचं होतं. आम्ही सगळे कबड्डीवर वाढलेली पोरं. आपल्याकडे जो धरतो, अडवतो, तो बचावाचा गडी. चढाईवाला एकटा येतो आणि बाकीचे त्याला धरतात, हे आमच्या हाडात मुरलेलं. म्हणून चेंडू फेकणाऱ्याच्याच संघातले ते पाच अडवणारे आम्ही बिनदिक्कत बचावात टाकले. क्लिपेमागून क्लिप, सगळी उलटी. क्लायंटनं सगळं काम परत पाठवलं, वर एक खोचक मेल. तेव्हापासून धुळ्याचं ऑफिस म्हणजे सोप्या कामाचं ऑफिस, असा शिक्का बसला. चेंडू कुठं गेला एवढंच बघा, बाकी अवघड काम दुसऱ्या शहरात. सगळे ओशाळले. रोहिदास सोडून. तो ती परत आलेली कामं दुरुस्त करत बसला आणि त्या पाच जणांच्या प्रेमातच पडला. "अक्का," एकदा म्हणाला, "आपलाच माणूस आपल्याच माणसाकरता धरतो आणि चेंडूला हातबी नही लावत. असा खेळ शे हाऊ!" वयानं मी मोठी म्हणून तो मला अक्का म्हणायचा, पण त्या अक्कात मान कमी आणि टोमणा जास्त असायचा.

दर हंगामाच्या शेवटी तिकडे त्या वर्षीच्या सगळ्यांत चांगल्या नवख्या खेळाडूला बक्षीस देतात. पहिल्याच वर्षी खेळायला उतरलेला, पण गाजलेला. त्यावर तिकडचे टायवाले टेबलाभोवती बसून असे तावातावानं बोलतात, जसं काही राष्ट्रपती निवडताहेत. गेल्या हंगामात क्लायंटला काय सुचलं कोण जाणे, त्यांनी टॅगिंगच्या, म्हणजे आमच्यासारख्या नोंदी करणाऱ्या, प्रत्येक ऑफिसला एक नाव कळवायला सांगितलं, कारणासह. आम्हांला कुणी मत विचारण्याची ही पहिलीच वेळ. सरांनी पाच मिनिटांत ठरवून टाकलं. त्या वर्षी एक देखणा फेक्या, म्हणजे चेंडू फेकणारा, फार गाजत होता, सामना संपला की हेल्मेट काढून केस सारखे करायचा. रोहिदासनं त्याचं नाव ठेवलं होतं नवरदेव. सर म्हणाले, नवरदेवाचं नाव पाठवून द्या, सगळे तेच देतील, आपण वेगळं बोललो तर त्यांना वाटेल यांना खेळच कळत नाही. "आधीच त्या पकडीच्या घोळानं आपली अब्रू गेलीय," हे वर.

रोहिदास उठून उभा राहिला. "मग मत कशाला विचारलं? होकारच द्यायचा तर नंदीबैल पाठवा ना सर, तो फुकट मान हलवतो."

त्याचा माणूस होता नवरदेवाच्याच संघातला, डाव्या टोकाला उभा राहणारा अडवणारा. तोही पहिल्याच वर्षाचा. त्याला तो सालदार म्हणायचा. वर्षभर राबायचं शेतात आणि पीक आलं की फोटो मालकाचा, म्हणून सालदार. ऑफिसात दोन तट पडले. भूषण नवरदेवाचा भक्त, त्याच्या मोबाइलवरसुद्धा नवरदेव. मीही नवरदेवाकडूनच होते, आणि रोहिदासच्या धाकानं मत बदलणारी मी नव्हते. मागच्या हंगामात त्यानं असाच एक अडवणारा डोक्यावर घेतला होता, तो पुढं बाकावर जाऊन बसला. मी त्याची आठवण दिली.

"माणूस चुकला माझा, मुद्दा नाही," तो म्हणाला.

"बरं. नवरदेवाची परवाची फेक पाहिलीस? अंगावर दोघं पडत होते, तरी चेंडू फेकला."

"पडत होते नही अक्का, पडणार होते. मधला तेवढा वेळ कुठून आला?"

"त्याच्या डोक्यातून आला."

"डोकं तर भूषणलेबी शे!"

भूषण चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, मला कशाला मधे घेतो?"

"तू मधेच असतोस रे, म्हणून तर तुले काही दिसत नही."

मी म्हटलं, भिंत कितीही मजबूत असली तरी भिंत काही गुण मिळवत नाही. नवरदेव नसता तर तुझा सालदार कुणासाठी अडवत उभा राहिला असता? यावर तो नेहमी करायचा तेच त्यानं केलं. माझी खुर्ची ओढून त्याच्या मॉनिटरपुढं नेली. एक क्लिप लावली आणि चेंडूवर अंगठा दाबून धरला. चेंडू सरकला की अंगठा सरके. काच तेलकट झाली. "आता पाह्य," म्हणाला, "काय दिसस ते." आधी काहीच दिसेना. डोळा सारखा अंगठ्याखाली पळायचा. मग हळूहळू सालदार दिसायला लागला. समोरचा धावून यायच्या आधीच त्याचा मागचा पाय पडलेला असायचा. तो ढकलत नव्हता, रेटत नव्हता, नुसता समोरच्याला त्याच्याच जोरानं बाहेर जाऊ देत होता. घाण्याच्या बैलासारखा समोरचा बिचारा नवरदेवाला लांबून फेरा घालून जायचा. नंतर रोहिदासनं मी स्वतः टॅग केलेले सामने लावले. त्यांत सालदार दुखापतीनं बाहेर होता. तोच देखणा नवरदेव, पण चेंडू हातात येताच मांजर अंगावर सोडल्यासारखा दचकत होता. आणि प्रत्येक वेळी मी काय नोंद केली होती? 'फेक चुकली.' मी त्या नोंदी एकेक करून पुन्हा पाहिल्या. 

मग रोहिदास म्हणाला, "ते टायवाले आकडे वाचतात. नवरदेवाच्या एवढ्या फेकी, एवढे झेल. सालदाराचा आकडाच नही. आणि आकडे लिहितो कोण? आपण. धुळ्यात बसून. आपल्याकडे त्याची कळच नही, अक्का. जे लिहिताच येत नही त्याले बक्षीस कशावरून देतील?"

तेव्हा मला कळलं, याला बक्षिसाचं काही पडलेलं नाही. ते सालदाराला मिळणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला ती कळ हवी होती. अडवणाऱ्याची नोंद वेगळी झाली पाहिजे, आणि ती आपल्या ऑफिसनं केली पाहिजे, कारण त्याच माणसाला ओळखायला चुकून आपण सोप्या कामाला बसलो होतो.

त्यानं हात वर करून मतदान घ्यायला लावलं. सरांना वाटलं होतं सालदारासाठी फार तर दोन हात वर होतील. माझा झाला, मग आमच्या मागं उभं राहून त्याच क्लिपा पाहिलेल्या भूषणचाही झाला, मग निम्म्याहून जास्त ऑफिसचे झाले, आणि सगळ्यांना धक्का बसला. "नवरदेव मोबाइलवर राहू दे, मत सालदाराला," भूषण म्हणाला. सरांनी तोंड कडू करून ते नाव पाठवलं आणि वर लिहिलं, की हे मत कर्मचाऱ्यांचं आहे, व्यवस्थापनाचं नाही. एवढा कणा! कारण लिहिलं रोहिदासनं, इंग्रजी नीट केलं मी. शेवटी त्यानं एक वाक्य हट्टानं ठेवलं, की तुमच्या पद्धतीत या खेळाडूला नोंदवायची सोयच नाही, आणि ती का नाही.

बक्षीस नवरदेवालाच मिळालं. टायवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, नवरदेवानं केस सारखे केले, सगळं ठरल्यासारखं झालं. आमच्या पत्राला उत्तर नाही. सर दोन दिवस शीळ घालत फिरत होते. रोहिदास म्हणाला, "वरातीत घोड्याले कोण विचारतं!" आणि कामाला लागला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत तो गेला.

दहाव्याला मी चोपड्याकडे त्याच्या घरी गेले. दाराला आता कडी होती, त्यानंच बसवलेली. आई कोपऱ्यात बसली होती. लोक येत होते, भला माणूस होता म्हणत होते, चहा पिऊन जात होते. गर्दी ओसरल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. "माय, मना पोऱ्या तठे काय काम करे?" मी सांगायला लागले. खेळ असतो, त्यात एक जण दुसऱ्यासाठी अडवून उभा राहतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही, तुमचा रोहिदास त्याच्याकडे बघायचा. तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आनि याना पगार देतस?" तेवढ्या दुःखातही मला हसू आलं, आणि मला हसताना बघून तीही हसली. मग आम्ही दोघी पुष्कळ वेळ रडलो.

त्याचं टेबल सध्या माझ्याकडे आहे. मॉनिटरची काच पुसायला शिपाई येतो, त्याला मी पुसू देत नाही. क्लायंटचं उत्तर रोहिदास गेल्यावर आलं. पत्र कुणी लिहिलं असं त्यांनी विचारलं होतं. सरांनी 'आमच्या टीमनं' असं कळवलं. मी त्याच मेलच्या खाली रोहिदासचं पूर्ण नाव लिहून परत पाठवलं. सर आजही माझ्याशी नीट बोलत नाहीत, आणि त्यानं माझं काही अडत नाही. या हंगामापासून अडवणाऱ्या खेळाडूची नोंद वेगळी होते. तिला स्वतंत्र कळ आहे, आणि ते काम धुळ्याच्या ऑफिसला मिळालं आहे.