पाच हजार चाळीस धाग्यांचा मास्टर

सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या कापड कारखान्यात मागांवर देखरेख करणारा मास्टर धुळ्याकडचा, आणि आकड्यांचा मोठा पंडित. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, पाच हजार चाळीस धाग्यांचाच हवा, हा त्याचा हट्ट. "एकपासून दहापर्यंत कोणत्याही आकड्यानं भाग जातो याला," हे तो नव्या माणसाला नाव विचारायच्या आधी सांगतो.

परवा माझ्या मागावर एक धागा तुटला. मी गाठ मारायला वाकलो, तर यानं येऊन माझा हातच धरला. "थांब ना भो. आता उरले पाच हजार एकोणचाळीस. मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडली तर हिला कशानंच भाग जात नाही." मग डोळे मिटून तो त्या संख्येचा एकटेपणा मला समजावत राहिला. बंद मागाचं त्याला काय, तो महिन्याच्या पगारावर आणि आम्ही मीटरच्या मजुरीवर.

तेवढ्यात शेठ आले. "मशीन केम बंद छे?"

मास्टरनं डोळे उघडले आणि माझ्याकडे बोट केलं. "इसने धागा तोडा, शेठ."

दहा जणांत बिनबाकी वाटली जाणारी संख्या त्याला तोंडपाठ आहे. दोष मात्र दोघांत वाटणं त्याला जमलं नाही.