दुपारची एक चाळीसची बस

उत्तर जपानच्या डोंगरातल्या आमच्या कामिसावा वाडीत चौदा घरं आणि एकोणीस माणसं. त्यांतला सगळ्यात तरुण मी, एकोणसाठ वर्षांचा. वाडीतून स्टेशनपर्यंत दिवसातून दोनदा बस नेतो आणि आणतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला लपायला जागा राहणार नाही.

सांगायचं आहे ते तोमोएसानबद्दल. सत्तरीच्या आहेत. समुद्राकाठच्या ओगाहून लग्न होऊन इथे आल्या, तेव्हा बर्फ त्यांना नवा नव्हता. पण दार बुजलं म्हणून माडीच्या खिडकीतून बाहेर पडायचं, हे त्यांनी इथेच पाहिलं. त्यांचे यजमान कीइची आमचे वाडीप्रमुख. बारा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत ते छपरावरचा बर्फ उतरवायला एकटेच चढले आणि बर्फाबरोबर खाली आले. त्यांची मुदत संपायला अजून वर्ष होतं. अंत्यविधी आटोपल्यावर आम्ही तोंडं पाडून तोमोएसानकडे गेलो आणि म्हणालो, तेवढं वर्ष तुम्हीच निभावून न्या. त्यांनी नेलं.

त्यानंतर दर वर्षी नव्या प्रमुखासाठी फिरती नोटीस घरोघर जाऊ लागली. पुठ्ठ्याच्या पॅडला लावलेला कागद. वाचायचा, आपल्या नावाचा शिक्का मारायचा आणि शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. पहिलं घर लिहायचं, 'यंदाही तोमोएसानचीच कृपा असावी.' खाली बाकीच्यांचे शिक्के. नको म्हणायचा शिक्का आमच्याकडे कुणी बनवलेलाच नाही. एकदा त्यांनी मला विचारलं होतं, "रेइजी, मेलेल्या माणसाची मुदत किती वर्षं चालते रे?" मी हसलो. हसण्यावारी नेणं मला उत्तम जमतं.

आणि बाई काम अशी करायची की आम्हाला आळशी व्हायला दुसरं काही लागलंच नाही. छपरावर कुणी एकट्याने चढायचं नाही, कमरेला दोरी आणि खाली एक माणूस हवाच. स्टोव्हच्या धुराड्याचं तोंड बर्फाने बुजलं तर आतला माणूस झोपेतच जातो, म्हणून प्रत्येक घराचं धुराडं त्या स्वतः बघायच्या. रोज सकाळी आठच्या आत प्रत्येकाने खिडकीला पिवळा टॉवेल लावायचा. टॉवेल दिसला नाही की तोमोएसान फावडं घेऊन दारात. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या इनेआजींनी एकदा मुद्दामच लावला नाही, गप्पा मारायला कुणीतरी हवं होतं म्हणून. तोमोएसाननी त्यांना चांगलं फैलावर घेतलं आणि मग तासभर बसून चहा प्यायल्या.

यंदा जानेवारीच्या वादळात सहा दिवस रस्ता बंद होता. कुणी दगावलं नाही. पंधरा दिवस होतात न होतात तोच दुसऱ्या वादळाचा इशारा आला: गुरुवारी रात्रीपासून, आणि मागच्याहून मोठं. सोमवारपासून तोमोएसानच्या पायाला भिंगरी. रॉकेलचे डबे, तांदूळ, डबाबंद बांगडे, ज्याची त्याची औषधं. मंगळवारी औषधं आणायला त्या माझ्या बसने निघाल्या. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. माझ्या मागच्या सीटवरून त्या बोलू लागल्या. सेंदाईला त्यांची मुलगी असते, हारुना. एकटीच. पोटात गाठ निघाली होती आणि शुक्रवारी सकाळी नऊला ऑपरेशन होतं.

"येऊ नकोस म्हणाली, वादळ आहे म्हणून," तोमोएसान म्हणाल्या. "म्हणजे जायलाच हवं."

गुरुवारी दुपारची एक चाळीसची बस गाठली तर स्टेशनवरून पुढची, सेंदाईकडे जाणारी गाडी मिळत होती. ती चुकली तर रस्ता कधी उघडेल ते देवच जाणे. मग त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, चार दिवस टॉवेल कोण बघेल? मला विचारलं नव्हतं, पण बसमध्ये मी सोडून होतं कोण? मी गिअर बदलला.

बुधवारी नोटीस फिरली. 'चार दिवस घरी नसेन. टॉवेल आणि धुराडी कोण बघेल?' पहिल्या घराने उत्तर लिहिलं, 'आपण निश्चिंत जावं. आमचं आम्ही कसंबसं बघू.' आमच्याकडे याचा अर्थ कुणीही बघणार नाही. खाली सगळ्यांचे शिक्के, माझाही, अगदी सरळ ओळीत. 'मी बघतो' एवढं लिहायला कितीसा वेळ लागला असता? पण एका वर्षाची बारा वर्षं कशी होतात ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि मला भीती वाटली. बर्फाची वाटत नाही तेवढी वाटली.

गुरुवारी त्या बॅग घेऊन थांब्यावर आल्या. आभाळ खाली उतरलं होतं, बारीक बर्फ सुरू झाला होता. निरोप द्यायला सात-आठ म्हातारी माणसं जमली होती. इनेआजींनी हारुनासाठी धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं आणलं होतं. आमची काळजी करू नका, असं प्रत्येक जण पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि कमरेत वाकत होता. तोमोएसान चढल्या, पुढच्या सीटवर बसल्या. निघायला दोन मिनिटं होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी मागे वळलो आणि आपण जे बोलतो तेच बोललो.

"तुम्ही नसलात तर आमचं काही खरं नाही, तोमोएसान. लवकर या."

मान द्यायला म्हणालो. निदान तेव्हा मला तसं वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग काचेतून इनेआजींकडे. आजी अजून वाकलेल्याच होत्या आणि त्यांच्या पाठीवर बर्फ साठत होता. तोमोएसाननी बॅग उचलली.

"दार उघड."

"अहो, पण गाडी..."

"उघड म्हणते ना."

खाली उतरून त्यांनी सगळ्यांना सांगितलं की पुढची गाडी बहुतेक रद्द होणार, उगाच अर्ध्यात अडकायला नको. सगळे हळहळले, आणि सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मी आरशात पाहिले, त्यांत माझाही होता. रिकामी बस घेऊन मी स्टेशनवर गेलो. गाडी रद्द झाली नव्हती. माझ्यासमोर सुटली.

शुक्रवारी सकाळी छातीइतका बर्फ होता. रस्ता गेला, फोनही गेले. मी आणि तोमोएसान इनेआजींच्या घरामागे धुराड्याचं तोंड मोकळं करत होतो. त्यांनी किती वाजले विचारलं.

"नऊ वाजून दहा."

"आत नेलं असेल," त्या म्हणाल्या आणि खणत राहिल्या.

मला ते बघवेना. "तोमोएसान," मी म्हणालो, "टॉवेल मी बघतो. आजपासून. प्रमुखपण, नोटीस, सगळंच."

त्यांचं फावडं थांबलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या खांद्यावरून, जिथे बसचा रस्ता असतो तिकडे पाहिलं. तिथे नुसता पांढरा उतार होता.

"आता होय?" त्या म्हणाल्या. मग मफलर सारखा केला, आणि पलीकडच्या घराचं धुराडं राहिलंय, चल, असं म्हणून पुढे निघाल्या.