आधी लेकरू की आधी टाके

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी कधी निकाली निघत नाहीत. एक फायली, दुसरे किस्से. फायलींना निदान वाळवी तरी लागते. किस्से मात्र वर्षागणिक अंग धरतात. मी त्यांना मुद्दाम खायला घालत नाही, पण लोक म्हणतात की बप्पाच्या कानात किस्सा शेळी म्हणून शिरतो आणि तोंडातून म्हैस होऊन बाहेर येतो. लोकांचं काय. ऑफिस कोणतं ते सांगत नाही, माझी पेन्शन अजून व्हायची आहे. सरकारी आहे, भूमला आहे, एवढं पुरे.

धाराशिवहून आम्ही सहा-सात जण रोज शकीलभाईच्या जीपनं भूमला अप-डाऊन करतो. नोकरी कमी आणि रस्ता जास्त, त्यामुळं विषय लागतो. मागच्या वर्षी आम्हाला सहा महिने एकच विषय पुरला. अश्विनी मॅडमची बेंबी.

* * *

अश्विनी मॅडम आमच्या आवक-जावक टेबलच्या क्लार्क. वय अठ्ठावीस, लग्नाला दीड वर्ष. रेकॉर्डरूममधले गठ्ठे उचलले की त्यांच्या बेंबीपाशी सुपारीएवढी गाठ वर यायची आणि कळ मारायची. सोलापूरच्या डॉक्टरनं बघितलं. म्हणाला, हर्निया आहे, लहान आहे, जिवाला धोका नाही. आत्ता ऑपरेशन केलं तर दुखणं थांबेल, पण पुढं गरोदरपणात पोट ताणलं की परत व्हायची थोडी शक्यता. लेकरं झाल्यावर केलं तर एकदाच भागेल, पण तोवर कळ सोसायची, आणि पोट वाढलं की कळही वाढू शकते. दोन्ही चालतं. तुमचं तुम्ही ठरवा.

हे शेवटचं वाक्य डॉक्टरनं बोलायला नको होतं. आमच्या भागात एखादी गोष्ट ठरवायची मोकळी सोडली की तिचं गायरान होतं. ज्याला त्याला आपली जनावरं आत सोडावीशी वाटतात.

मॅडमनी हे जेवणाच्या सुट्टीत मला एकट्याला सांगितलं. "बप्पा, कुणाला बोलू नका. मला अजून ठरवायचंय."

मी शब्दाचा पक्का. कुणालाही सांगितलं नाही. फक्त शकीलभाईला सांगितलं, तेही गाडी चालू असताना, म्हणजे त्याचं लक्ष रस्त्यावर असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी येडशीला चहाला थांबलो. टपरीवाल्यानं मॅडमपुढं कप ठेवला आणि हळूच विचारलं, "मग ताई, आधी का नंतर?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी रस्त्याकडं बघितलं.

* * *

जीपमध्ये दोन पार्ट्या पडल्या. शकीलभाई 'आधी'वाला. 'नंतर'चे पुढारी शेळके गुरुजी, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेले हेडमास्तर, गाडीतले सगळ्यात ज्येष्ठ, त्यामुळं सगळ्यात बरोबर.

"मॅडम, मैं सीधी बात बोलतूं," शकीलभाई म्हणाला. "टायर में पंक्चर है. तो पहिले पंक्चर निकालते, का पहिले लोड भरते?"

"आणि लोड भरल्यावर त्याच जागी परत पंक्चर झालं म्हणजे?" गुरुजी म्हणाले. "दोनदा पंक्चरवाल्याचं दुकान गाठा. त्यापेक्षा खेप मारून घ्यावी, मग निवांत टायर बघावा."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. तिकडंच बघत म्हणाल्या, "गुरुजी, खेप मला मारायचीय."

यावर गुरुजींनी पेपर उघडला तो भूमपर्यंत मिटला नाही. आमच्या गाडीत हा विक्रम आहे.

आठवड्यानं खरंच जीपचा मागचा टायर बसायला लागला. शकीलभाई उतरला, टायरला दोन लाथा घालून बघितल्या, आरशात बघून केस सारखे केले आणि परत येऊन बसला. "बैठो, बैठो. भूम तक धीरे धीरे जाता."

"शकीलभाई," मागून मॅडम म्हणाल्या, "म्हणजे नंतर?"

त्या दिवसापासून शकीलभाई तटस्थ आहे.

* * *

आमचे साहेब माणूस म्हणून सोनं. निर्णय सोडून काहीही घेतात. आढावा घेतात, बैठक घेतात, चहा तर कितीदा घेतात. मॅडमनी विचारून ठेवावं म्हणून ऑपरेशनच्या रजेचा अर्ज टाकला, तर साहेबांना घाम फुटला. कारण अर्जावर सही केली म्हणजे आपण 'आधी'ला मंजुरी दिली, आणि उद्या काही झालं तर?

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून पत्र टाईप करायला सांगितलं. मी केलं. नोकरी आहे. 'सदर शस्त्रक्रिया अपत्यप्राप्तीपूर्वी करणे अपरिहार्य आहे किंवा कसे, याबाबत आपल्या स्वयंस्पष्ट अभिप्रायासह अर्ज फेरसादर करावा.'

आता गंमत बघा. ऑफिसातून जाणाऱ्या प्रत्येक कागदावर जावक नंबर टाकायचं काम मॅडमचं. येणाऱ्यावर आवक नंबर टाकायचं कामही मॅडमचंच. त्यांनी स्वतःच्या बेंबीच्या पत्राला जावक नंबर टाकला, स्वतःच्या टेबलावरून उचलून स्वतःच्या टेबलावर ठेवलं, सही करून ताब्यात घेतलं, आणि दुपारी उत्तर दिलं:

'अपत्ये : निरंक. हर्निया : एक. कार्यालयाने अपत्याचा संभाव्य दिनांक कळविल्यास शस्त्रक्रियेचा दिनांक त्यानुसार निश्चित करता येईल.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग मला म्हणाले, "बप्पा, हे आपल्या अखत्यारीत येतं का हो?"

"काय साहेब? अपत्य?"

प्रकरण मार्गदर्शनासाठी जिल्ह्याला गेलं. अजून तिकडंच आहे. मध्यंतरी एक पत्र आलं होतं, पण त्यात लिहिलं होतं की सोबत जोडलेला हर्निया प्राप्त झालेला नाही. हे मी वाढवून सांगतोय असं काहींचं म्हणणं आहे.

* * *

आमच्याकडं तान्ह्या लेकराची बेंबी फुगली की तिच्यावर पैसा ठेवून वरून फडकं बांधायची पद्धत आहे. लेकराची बेंबी वाढत्या वयात आपसूक बसते आणि श्रेय पैशाला मिळतं. गुरुजींच्या घरी असा एक पैसा होता. निजामाच्या राज्यातला, तांब्याचा, अक्षरं घासून गेलेला. गुरुजींच्या बायकोनं, काकूंनी, तो डबीत घालून गुरुजींजवळ मॅडमसाठी दिला.

"तीन पिढ्यांच्या बेंब्या बसवल्यात यानं," जीपमध्ये डबी पुढं करत गुरुजी म्हणाले. "लेकरू होईपर्यंत बांधा. मग बघू ऑपरेशनचं."

मॅडमनी डबी घेतली. त्या काकूंना मानतात. ऑफिसात आल्यावर टेबलाच्या खणात ठेवून दिली.

चौथ्या दिवशी गुरुजी गाडीत सारखे वळवळत होते. खड्डा आला की एक हात पोटावर जायचा. शेवटी मागं वळून म्हणाले, "मॅडम, ती डबी... काम नसेल तर परत देता का? घरी जरा अडचण झालीय."

"कुणाला, गुरुजी?"

गुरुजींनी आधी शकीलभाईकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग छताकडं. "मलाच."

तेव्हा उलगडा झाला. गुरुजींचा स्वतःचा बेंबीचा हर्निया अकरा वर्षांचा होता. डॉक्टरनं कधीच ऑपरेशन सांगितलेलं. पण आधी मुलीचं लग्न होतं, मग मुलाची नोकरी, मग मुलाचं लग्न. तोवर माणूस निजामाच्या पैशावर चालला होता. आणि काकूंनी तोच पैसा नवऱ्याच्या पोटावरून सोडून डबीत घातला होता.

"म्हणजे तुम्हीपण 'नंतर'वालेच," मॅडम म्हणाल्या.

"अर्थात. लेकरांचं झाल्याशिवाय आपलं बघायचं नसतं."

"लेकरू एकतीस वर्षांचं झालं की, गुरुजी."

"हां, पण त्याला अजून लेकरू व्हायचंय."

* * *

मग मी ठरवलं की हा घोळ आपणच मिटवावा. मॅडमचा नवरा राहुल धाराशिवला आयटीआयमध्ये शिकवतो. त्याला फोन लावला. "राहुल, काय ठरलं मग?"

"आई म्हणेल तसं, बप्पा," तो म्हणाला. मागं वेल्डिंगचा आवाज येत होता.

आई म्हणजे शेवंताबाई. राहतात तेरखेड्याला. फटाक्यांच्या कामावर पंचवीस वर्षं वाती लावलेली बाई, बोलणं मोजकं. आम्हाला सगळ्यांना खात्री होती की हिला पहिल्यांदा नातू पाहिजे असणार, म्हणून पोरगी अडकलीय. त्या मला भूमच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगापाशी सापडल्या.

"जय भीम, ताई. सुनेच्या ऑपरेशनचं काय ठरलं?"

"राहुल म्हणील तसं," त्या म्हणाल्या आणि मिरचीचं देठ मोडून वास बघायला लागल्या.

मी हे सगळं दुसऱ्या दिवशी गाडीत मांडलं. पोरगा आईवर टाकतो, आई पोरावर टाकते, त्या घरात ठरवणारं माणूसच नाही. गुरुजी गंभीर झाले. म्हणाले, "मग आपल्यालाच बघावं लागतंय."

भूमचा स्टँड आला. मागच्या सीटवरून मॅडम उतरल्या, पर्स घेतली आणि ऑफिसकडं चालायला लागल्या. तेव्हा मला वाटलं की यांना एकदा विचारायला पाहिजे होतं. गुरुजींना तसं बोललोही.

"त्यांना काय विचारायचं?" गुरुजी म्हणाले. "पेशंट आहेत त्या."

* * *

आता शेवटचा किस्सा.

पुढच्याच महिन्यात मॅडमनी बारा दिवसांची रजा टाकली. ऑपरेशनच्या रजेचा कागद जिल्ह्याला पडून होता. ही दुसरी रजा, कारण 'घरगुती'. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. घरगुती कारण म्हटलं की आमच्याकडं पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही.

रजा संपत आली तसा राहुलच्या चुलत्यांचा, आबांचा, निरोप पाहुण्यांत फिरला आणि माझ्याही कानावर आला. रविवारी तेरखेड्याला बैठक आहे, सूनबाईच्या ऑपरेशनचं एकदाचं ठरवून टाकू. राहुलचे वडील नाहीत, त्यामुळं भावकीत शब्द आबांचा. ऑफिसच्या बाजूनं मी, जीपच्या बाजूनं गुरुजी. आम्हाला कुणी बोलावलं नव्हतं, पण जाणं भाग होतं.

सोयरीक जुळवायला बसतात तसे सगळे अंगणात बसलेले. अकरा बाप्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या. मॅडम दाराच्या आतल्या अंगाला खुर्चीत, पाठीला उशी. राहुल चहाचा ट्रे घेऊन फिरत होता. पाण्याची घागर आत नेली तीही त्यानंच. आबांना ते रुचलं नाही.

"पोरगं चहा वाटतंय आन् सून खुर्चीवर. चाललंय बरं," ते म्हणाले आणि दुसरा कप उचलला.

दीड तास बैठक चालली. एका पाहुण्यानं लातूरकडच्या कुण्या बाईचं उदाहरण दिलं, तिनं आधी केलं आणि पस्तावली. दुसऱ्यानं तीच बाई कर्नाटकात नेऊन नंतर केलं म्हणून पस्तावायला लावली. गुरुजी पोटावर हात ठेवून त्यागावर बोलले. मी दोन्ही बाजूंनी बोललो, सारखा सारखा वेळ घेऊन, कारण मला पक्षपात जमत नाही. मॅडम दारातून ऐकत होत्या. मध्ये एकदा हसायला लागल्या आणि लगेच पोट धरून गप्प बसल्या. आम्हाला वाटलं, कळ आली. गुरुजी म्हणालेसुद्धा, "बघा, पोरीला किती त्रास होतोय. लवकर ठरवा."

शेवटी आबांनी कप खाली ठेवला. "माझं म्हणणं ऐका. आधी लेकरू. एक तरी होऊ द्या. मग काय कापायचं ते कापा. ठरलं?"

दहा माना हलल्या. अकरावी माझी, ती दोन्हीकडं हलली.

शेवंताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "झालं का ठरवून, भावजी?"

"झालं, वहिनी. आधी लेकरू."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तिचे टाके परवाच काढले."

गुरुजींचं बिस्कीट चहात गेलं ते वर आलंच नाही.

"कशाचे टाके?" आबांनी विचारलं.

"बेंबीचे. सोलापुरात झालं ऑपरेशन. राहुल व्हता, म्या व्हते."

"आन् हे ठरवलं कुणी?"

शेवंताबाईंनी रिकामे कप गोळा करायला घेतले. "पंचवीस वरीस वाती लावल्या म्या, भावजी. पेटवायचा कवा ते ज्याच्या हातात फटाका हाय त्यानं ठरवायचं असतंय. बाकीच्यांनी लांब सरकायचं."

 मी आबांच्या शेजारीच होतो म्हणून सांगतो, त्यांची खुर्ची वीतभर मागं गेली होती.

गुरुजींना मात्र राहवेना. "ताई, मग आधी सांगायचं नाही का? दीड तास बोलतोय आम्ही."

शेवंताबाईंनी सुनेकडं बघितलं. मॅडम खुर्चीच्या दांडीला धरून सावकाश उठल्या, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"दीड तास कुठं, गुरुजी? सहा महिने झाले. एवढं रंगात आलेलं मध्येच कसं तोडायचं?" मग आत वळून म्हणाल्या, "राहुल, गुरुजींना दुसरं बिस्कीट आण."