डाव्या हाताची थाप

आज सकाळी कणीक मळताना पाणी जास्त झालं आणि गोळा तळहाताला चिकटून बसला. चपातीला असली कणीक कामाची नाही, पखवाजाला मात्र अशीच लागते. आमचे मालक गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, गाव त्यांना आबा म्हणायचं. भजनाला निघायच्या आधी मी लिंबाएवढा सैल गोळा मळून द्यायची आणि ते तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापायचे. कणकेनं चामडं जड होतं, मग डाव्या हाताची थाप खोल उतरते. गोळा घट्ट झाला तर ते माझ्याकडे नुसते बघायचे. त्यांनी कधी माझं कौतुक केलेलं मला आठवत नाही. पण गोळा नीट जमला की ती थाप देवळातून घरापर्यंत यायची, मांडणीवरची पातेली बारीक थरथरायची. मला तेवढं पुरायचं.

गेल्या वर्षी ते गेले. त्याच्या आधी नातीनं मंडळाचं एक भजन रेकॉर्ड करून ठेवलं होतं. लेकीची ही मुलगी सांगलीत गाण्यांचं मिक्सिंग करते, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे आवाज कमीजास्त करून एकत्र बसवते. मंडळाला दुसरा पखवाजवाला मिळाला नव्हता, म्हणून वर्षश्राद्धाला देवळात तेच भजन लावायचं ठरलं. बाकीच्यांना भजन हवं होतं, मला फक्त डावा हात.

नातीनं मला सांगलीच्या तिच्या खोलीत दोन मोठ्या स्पीकरांपुढं बसवलं. थाप पडली ती थेट छातीत लागली. मी म्हटलं, "हेच. आता ह्याला हात लावू नगंस." तिनं ते माझ्या मोबाईलवर घातलं. परतताना एसटीत कानाला लावलं, तर उजव्या हाताची टणटण तेवढी येत होती. घरी येऊन फोन केला, "अगं, डावा हात कुठं गेला?"

"आजी, मोबाईलचा स्पीकर नखाएवढा. खालचा आवाज त्यातनं निघतच नाही."

तिनं तो वाढवला, तर लेकाच्या गाडीत नुसता गडगडाट झाला, भजनाचा शब्द कळेना. कमी केला, तर देवळाच्या कर्ण्यावर थाप उरलीच नाही. टाळकऱ्यांतला एक म्हातारा म्हणाला, "आवं वैनी, आबा पखवाज वाजवत्यात का पापड मोडत्यात?" सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार. मग तिनं थापेवर थोडी खरखर चढवली. त्यानं लहान स्पीकरवरही कानाला थाप असल्यासारखी वाटते म्हणे.

"आता येतंय का?"

"येतंय. पन ह्ये त्येंचं न्हाई."

तिनं ती खरखर काढून टाकली. शेवटी मोठे स्पीकरच गाडीत घालून घेऊन आली, तर सभामंडपाचा पत्रा असा घुमला की पुजारी बाहेर जाऊन बसला. दुपारपर्यंत ती कर्णा, मोबाईल, स्पीकर असं करत फिरली. मग लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "एकाला धरलं की दुसरा सुटतोय. मला नाही जमत, आजी." तिचे डोळे भरले होते. मला समजूत काढता येत नाही. मी म्हटलं, "जेवून घे."

वर्षश्राद्धाला मंडळ नुसत्या टाळांवर गायलं.

माणसाचा चेहरा फोटोत राहतो, बोलणं लोकांच्या तोंडात राहतं. जे फक्त अंगाला कळायचं ते कशात ठेवायचं, हे नातीला कुणी शिकवलेलं नाही आणि मी तर चौथीपर्यंतच शिकले. आता कधी ती थाप नेमकी कशी होती हे आठवायला बसते, तर सांगलीच्या खोलीतली आठवते. ती त्यांची होती की त्या स्पीकरांची, ते मला सांगता येत नाही. आणि विचारावं असं घरात कुणी उरलेलं नाही.