हजेरीत नसलेलं कार्ड

माझा स्वभाव तापट. यंत्र अडलं की मी आधी यंत्रावर चिडतो आणि मग जवळ जो उभा असेल त्याच्यावर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मिरजोळ्यातल्या एका मासळीच्या कारखान्यात युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा संगणक आला, त्याची देखभाल माझ्या गळ्यात पडली, आणि जवळ उभ्या असायच्या त्या वहिनी.

वहिनी म्हणजे तिथल्या टायपिस्ट. सगळं ऑफिस त्यांना वहिनीच म्हणायचं आणि त्या मला भावजी. नवरा बोटीवर, घरी अंथरुणाला खिळलेली सासू. टाइपरायटर सोडून संगणकावर बसताना त्या घाबरल्या होत्या, पण महिनाभरात त्यांची बोटं माझ्यापेक्षा भरभर चालायला लागली.

शेठ मुंबईला असत. त्यांनी बजावलं होतं, शीतगृहातला संगणक आणि ऑफिसातला हा, दोन्ही तारेने जोडले गेले तर हिशेबाचं काम इथे राहील, नाहीतर सगळं मुंबईला हलवू. सासूला सोडून वहिनी मुंबईला जाणार कशा? काम गेलं की नोकरी गेली. हे त्या बोलत नसत, पण मला कळत होतं.

जोडणीचं कार्ड आलं ते दसरा झाल्यावर. ते मी ऑफिसातल्या संगणकाच्या खाचेत बसवलं, स्क्रू पिळला, संगणक सुरू केला. सुरू होताना तो आपल्या अंगावर काय काय आहे त्याची हजेरी पडद्यावर घेतो. डिस्क हजर, प्रिंटर हजर. कार्डाचं नावच नाही. जे कार्ड त्याला दिसतच नाही, त्याला तार जोडून काय करणार?

दोन कार्डांनी एकच नंबर घेतला तर असं होतं, म्हणून मी कार्डावरच्या पिना हलवून नंबर बदलला, युनिक्सलाही नवा नंबर सांगितला. पुन्हा हजेरी, पुन्हा गैरहजर. तेच कार्ड शीतगृहातल्या संगणकात घातलं, तर तिथे पहिल्या फटक्यात सापडलं. म्हणजे कार्ड धडधाकट होतं, दुखणं या संगणकाच्या खाचेत होतं. बाकीच्या खाचा भरलेल्या. मी कार्ड परत आणून अंगठ्याने दाबलं, आणखी जोरात दाबलं, आणि मग नेहमीप्रमाणे चिडलो.

"वहिनी, याला कोणी हात लावलाय का?"

"नाय ओ भावजी, कोण लावतंय? दसऱ्याला पूजा केली तेवढीच."

आपल्याकडे कपाटातल्या कपड्यांना बुरशी येऊ नये म्हणून आत बल्ब लावून ठेवतात. त्याच हिशेबाने मॅनेजरसाहेबांनी पावसाळाभर संगणकाचं झाकण काढून शेजारी बल्ब पेटता ठेवला होता. म्हणजे पूजा उघड्या संगणकाची झाली होती.

"निदान झाकण घालून त्यावर करायची!"

"झाकणाची पूजा करून काय उपयोग? काम आतलां मशीन करतां ना!" वहिनी म्हणाल्या. "हळदकुंकू नाय लावलां, तुम्ही धुळीला ओरडता म्हणान. नुसत्या अक्षता वाह्यल्या, आणि मागाहून ब्रशने झाडल्यासुद्धा."

मी कार्ड काढलं आणि बॅटरीचा झोत खाचेत पाडला. पार टोकाला काहीतरी लाल दिसलं. चिमट्याने ओढलं तर कुंकू लावलेला तांदळाचा दाणा, तोही दोन तुकड्यांत. अक्षता म्हणजे न मोडलेला तांदूळ. ही माझ्या अंगठ्याखाली मोडली होती.

वहिनींचा चेहरा उतरला. तुकडे त्यांनी तळहातावर घेतले.

"मीच माझां काम घालवलां असतां की ओ," त्या हळूच म्हणाल्या. "मागितलां काय, तर ह्या मशीन इथेच रहूंदे."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला फार वाईट वाटलं. जो दाणा वाहून नोकरी राहावी म्हणून हात जोडले, तोच दाणा आडवा आलेला.

मी कार्ड पुन्हा बसवलं. या वेळी ते केसभर जास्त खाली गेलं. संगणक सुरू केला, हजेरीत कार्डाची ओळ आली. तार जोडली आणि थोड्या वेळाने शीतगृहातला मालाचा साठा वहिनींच्या समोर पडद्यावर आला.

मॅनेजरसाहेब धावत आले. "काय झालं होतं?"

"कार्ड नीट बसलं नव्हतं," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं.

ते मुंबईला फोन लावायला गेले आणि हसत परत आले. हिशेब इथेच राहणार होता.

वहिनींनी डोळे पुसले. तुकडे अजून तळहातावर होते.

"भावजी, अक्षता खाली टाकायची नसते. आणि मशीनवर तर परत वाहायची नाय."

"मोडलेली चालते का?"

"मागितलां तां दिलान देवाने. न चालायला काय झालां?" असं म्हणून त्यांनी ते दोन तुकडे माझ्या डोक्यावर ठेवले. मी मान खाली घातली. मग खुर्ची पुढे ओढून त्या टाइप करायला बसल्या.